घरसभेत पेत्राच्या नाकाराचा अभ्यास कसा घ्यावा

ईस्टरपूर्वीचा लेंतचा उपवासकाळ जवळ आला की घराघरांतील प्रार्थनासभांची आखणी सुरू होते आणि यंदा कोणता विषय घ्यावा, हा प्रश्न पुढे येतो. कोल्हापुरात शाहूपुरी आणि नागाळा पार्क या भागांतील घरसभांमध्ये मी काही वर्षे एकच विषय घेत आलो आहे. येशूच्या शिष्यांनी दिलेली वचने कशी मोडली आणि मोडल्यानंतर त्यांना परत कसे घेतले गेले, हा तो विषय. तो घेण्याची रीत मी चुका करत शिकलो. ज्यांना आपल्या घरी असा अभ्यास घ्यावयाचा आहे, त्यांच्यासाठी ती येथे लिहीत आहे.

एक गोष्ट आरंभीच मनाशी पक्की करावी, कारण पुढची सगळी आखणी तिच्यावरच उभी आहे. येशूला धरून नेल्यावर त्याचा शिष्य पेत्र याने महायाजकाच्या अंगणात, कोंबडा आरवण्यापूर्वी, आपण त्याला ओळखत नाही असे तीनदा म्हटले; त्या नाकाराकडून पेत्राच्या क्षमेकडे जाण्याची घाई करू नये. संडे स्कूलपासून आपण ही हकिकत ऐकत आलेलो असतो आणि शेवट आपल्याला ठाऊक असतो, त्यामुळे कोंबडा आरवला रे आरवला की आपण मनाने गालील समुद्राच्या काठावर, जिथे येशूने त्याला परत घेतले तिथे, जाऊन पोहोचतो. पेत्र तिथे इतक्या लवकर पोहोचला नव्हता. अंगणातून बाहेर पडून तो मोठ्या दुःखाने रडला, आणि त्यानंतर पुनरुत्थानाच्या सकाळपर्यंत मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चारही शुभवर्तमानांत त्याचे नाव कुठेच येत नाही; वधस्तंभाजवळ स्त्रिया आहेत, योहानाच्या वृत्तान्तात येशूचा प्रिय शिष्य आहे, पेत्राचा मात्र नावाने उल्लेख नाही. ती रिकामी जागा सभेतल्या माणसांना जाणवली पाहिजे. म्हणून मी एकूण पाच सभा ठेवतो: तीन पवित्र आठवड्याच्या आधी, दोन ईस्टरनंतर, आणि मधल्या आठवड्यात मुद्दाम एकही नाही.

तयारी फारशी लागत नाही. आठ ते बारा माणसे पुरेत. त्याहून अधिक झाली तर दोन घरे करावीत, कारण पंधरा माणसांत तिघेच बोलतात. संध्याकाळी साडेसातची वेळ नोकरदारांना आणि स्वयंपाक उरकून येणाऱ्या भगिनींनाही सोयीची पडते. पाळकसाहेबांना आधी कल्पना द्यावी. उतारे मोठ्या टायपात छापून घ्यावेत, म्हणजे वयस्करांना चष्मा शोधावा लागत नाही आणि मोबाइल बाजूला राहतात. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी शास्त्रासोबत पंडिता रमाबाईंचे भाषांतर मिळाले तर तेही जवळ असावे. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी ते काम आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत केले आणि त्यांच्या पश्चात, १९२४ साली, ते पूर्ण छापून निघाले. एकच वचन दोन प्रकारे ऐकले की पाठ झालेल्या ओळीकडेही माणूस नव्याने पाहतो.

पहिली सभा वचनांची असावी. मार्क १४:२७-३१ आणि लूक २२:३१-३४ हे दोन उतारे पुरेसे आहेत. सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही, असे पेत्र म्हणतो, आणि आपल्याला फक्त त्याचेच वाक्य लक्षात राहते. पण मार्क पुढे लिहितो की बाकीच्या सर्वांनीही तसेच म्हटले. हे वाक्य वाचून झाल्यावर थांबावे. त्याआधी बेथानीला जाताना, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ, असे म्हणणारा थोमा होता, हेही सांगावे, कारण थोमाला आपण केवळ संशयी म्हणून ओळखतो.

लूकच्या उताऱ्यात मराठी वाचकाला एक सोय आहे, तिचा उपयोग अवश्य करावा. सैतानाने ‘तुम्हांला’ गव्हासारखे चाळण्याची मागणी केली आहे, पण मी ‘तुझ्यासाठी’ विनंती केली आहे, असे येशू म्हणतो. धोका सर्वांना आहे आणि प्रार्थना एकट्या पेत्राचे नाव घेऊन झाली आहे, हे आपल्या भाषेत ऐकताक्षणी कळते. चाळणे म्हणजे काय, हे तोंडाने समजावू नये. घरातल्या एखाद्या मावशींना चाळण आणि दोन मुठी गहू आणायला सांगावे आणि सर्वांदेखत चाळून दाखवायला सांगावे. चाळणीला पहिला हिसका बसताच सगळा गहू एकदम उसळतो. एकही दाणा आपल्या जागी राहत नाही, आणि खाली परातीत कोंडा नि माती पडत राहते. हे पाहिल्यावर त्याच वचनाचा उरलेला भाग वाचावा: तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. म्हणजे नाकार घडण्याआधीच येशूने नाकारानंतरचे काम सांगून ठेवले होते. पहिल्या सभेत इतकेच पुरे. त्याचा अर्थ लावत बसू नये. चौथ्या सभेत तो आपोआप येतो.

दुसरी सभा या अभ्यासाचा कणा आहे आणि तिला दीड तास लागतो. जागा शक्यतो अंगणात, गच्चीवर किंवा मोठ्या गॅलरीत असावी, कारण मध्ये शेगडी पेटवावयाची आहे. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये. तिच्या वायूचा वास येत नाही आणि जीव जाऊ शकतो. कोळसा अर्धा तास आधी फुलवून घ्यावा, धूर ओसरू द्यावा, मग माणसांना भोवती बसवावे आणि दिवे मंद करावेत. हे नाटक वाटू नये म्हणून मी कुणालाही पोशाख वगैरे घालू देत नाही. शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचे चेहरे खालून उजळतात आणि पाठीमागे अंधार असतो. दासीने पेत्राला उजेडात बसलेला पाहून त्याच्याकडे निरखून पाहिले, हे लूकचे वाक्य तिथे बसल्यावर वेगळेच लागते.

मार्क १४:५३-७२ हा उतारा निरनिराळ्या आवाजांत वाचावा. एकाने निवेदन करावे, एका मुलीने दासीची वाक्ये म्हणावीत, दोघांनी भोवतालच्या लोकांची. पेत्राची वाक्ये लाजऱ्या किंवा मंडळीपासून आधीच थोड्या दुरावलेल्या माणसाकडे देऊ नयेत. ती मी मंडळीतल्या एखाद्या वडिलांना देतो, ज्यांच्या निष्ठेबद्दल कुणाला शंका नसते.

वाचून झाल्यावर तीन बाबींकडे लक्ष वेधावे. मार्कने दोन दृश्ये एकमेकांत गुंफली आहेत: आत महायाजकापुढे येशूला तू कोण आहेस हे विचारले जाते आणि तो ‘मी आहे’ म्हणतो, त्याच वेळी बाहेर पेत्राला विचारले जाते आणि तो त्या माणसाला ओळखतच नाही म्हणतो. आतल्या चौकशीत महासभा आहे, साक्षीदार आहेत, मृत्यूची शिक्षा आहे; बाहेर विचारणारी प्रथम एक दासी आहे. पेत्राने बागेत तलवार उपसली होती, मल्ख नावाच्या दासाचा कान छाटला होता. तलवारीला तो भ्यायला नाही, एका साध्या प्रश्नाला भ्याला. आपल्यापैकी बहुतेकांचे असेच होते: मोठ्या संकटासाठी मनाची तयारी केलेली असते आणि पाय घसरतो तो कचेरीत कुणी सहज काही विचारले तेव्हा.

दुसरी बाब बोलीची. तुझ्या बोलण्यावरूनच तू कोण ते कळते, असे लोक पेत्राला म्हणतात, हे मत्तय २६:७३ मध्ये आहे. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. पुण्यात दोन वाक्ये बोललो की समोरचा विचारतो, ‘कोल्हापूरचे का?’ आपण लपवायचे ठरवले तरी जीभ लपवू देत नाही. ज्या बोलीत पेत्र येशूबरोबर तीन वर्षे हिंडला, जेवला, भांडला, त्याच बोलीत तो ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणत होता.

तिसरी बाब बहुधा सुटते, ती सुटू देऊ नये. बाकीचे शिष्य पळून गेले होते. पेत्र दुरून का होईना, मागे आला होता, शत्रूच्या अंगणापर्यंत आला होता. जो आलाच नाही त्याला नाकारण्याचा प्रसंगही आला नाही. सभेत हे बोलल्यावर नेहमी काही वेळ कुणी बोलत नाही, आणि ती शांतता मी मोडत नाही.

माझ्या हातून जी चूक घडली ती याच सभेत घडली. पहिल्या वर्षी वाचन संपल्यावर मी सर्वांना विचारले की तुम्ही प्रभूला केव्हा नाकारले, ते सांगा. एका तरुणाने मोठ्या धीराने सांगितले की नोकरीच्या मुलाखतीत त्याने आपण ख्रिस्ती आहोत हे लपवले होते. पुढच्या रविवारपर्यंत ती गोष्ट अर्ध्या मंडळीला कळलेली होती, आणि तो मुलगा कित्येक महिने ना सभेला आला ना उपासनेला. शेकोटीभोवती त्याला मी बसवले होते, प्रश्नही मीच विचारला होता. तेव्हापासून मी हा प्रश्न विचारत नाही. प्रत्येकाने मनातल्या मनात पाच मिनिटे विचार करावा, हवे तर कागदावर लिहावे आणि तो कागद न वाचता, न दाखवता शेगडीत टाकावा. ज्यांना बोलणे गरजेचे वाटते त्यांनी नंतर पाळकांशी एकट्याने बोलावे. सभेत ऐकलेले सभेतच राहील, हे पहिल्याच दिवशी सर्वांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावे. पण त्या शब्दावर विसंबून कुणालाही उघडे पाडू नये, कारण आपण ज्या विषयाचा अभ्यास करत आहोत तो मोडलेल्या शब्दांचाच आहे.

तिसरी सभा येशूला पैशांसाठी धरून देणारा शिष्य यहूदा इस्कार्योत याची, आणि ती लहान ठेवावी. मत्तय २७:३-५ एवढेच वाचावे. यहूदाला पस्तावा झाला, त्याने तीस रुपये परत नेले, मी निर्दोष रक्त धरून देऊन पाप केले, असे स्पष्ट म्हटले. याजकांनी उत्तर दिले की त्याचे आम्हांला काय, तुझे तू पाहा. पापाची कबुली देणाऱ्या माणसाला धर्माच्या अधिकाऱ्यांनी दारातून परत पाठवले, आणि तो एकटा गेला. पेत्र आणि यहूदा यांची तुलना करताना एकाचा पश्चात्ताप खरा आणि दुसऱ्याचा खोटा, असे झटकन सांगून मोकळे होऊ नये. यहूदाने कबुली कुणापुढे दिली आणि त्याला काय उत्तर मिळाले, यावर बोलावे. आत्महत्येबद्दल या सभेत निवाडा देऊ नये. समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या घरात तसे घडलेले असू शकते आणि ते आपल्याला ठाऊक नसते.

मग सुट्टी. उत्तम शुक्रवारची उपासना, शनिवार, ईस्टर. या दिवसांत सभेचा विषय कुणी काढला तरी मी तो पुढे नेत नाही. ईस्टरच्या सकाळी मार्क १६:७ वाचले जाते, तिथे कबरेजवळचा तरुण स्त्रियांना निरोप देतो की त्याच्या शिष्यांना ‘व पेत्राला’ सांगा. ते दोन शब्द माणसांनी स्वतः ऐकावेत. दुसऱ्या सभेत बसलेले लोक ते ऐकतात.

चौथी सभा ईस्टरनंतरच्या आठवड्यात, पुन्हा त्याच जागी, पुन्हा शेगडी पेटवून. योहान २१:१-१९ वाचावे. काठावर उतरल्यावर शिष्यांना कोळशांचा विस्तव दिसतो. त्यासाठी ग्रीकमध्ये ‘अँथ्राकिया’ हा शब्द आहे, आणि नव्या करारात तो दोनच ठिकाणी येतो: इथे, आणि योहान १८:१८ मध्ये, जिथे महायाजकाच्या अंगणात पेत्र शेकत उभा होता. हे सांगितल्यावर आणखी काही सांगावे लागत नाही, कारण कोळशाचा तोच वास समोर असतो. मासे एकशे त्रेपन्न होते, त्या आकड्याचे गूढ अर्थ लावण्यात कित्येक पिढ्यांनी वेळ घालवला आहे. तो प्रश्न कुणी विचारलाच तर कोळ्यांनी जाळे ओढल्यावर मासे मोजणे साहजिक आहे, इतके सांगून पुढे जावे.

‘प्रीती’ आणि ‘प्रेम’ या शब्दांवरही सभा अडू देऊ नये. तू माझ्यावर प्रीती करतोस का, असे येशू पेत्राला तीनदा विचारतो; पहिल्या दोन प्रश्नांत तो ‘अगापाओ’ हे ग्रीक क्रियापद वापरतो, पेत्र ‘फिलेओ’ने उत्तर देतो आणि तिसऱ्या वेळी येशूही ‘फिलेओ’ म्हणतो, हे खरे आहे. पण पिता पुत्रावर प्रीती करतो, हे योहान एकदा एका क्रियापदाने आणि एकदा दुसऱ्याने सांगतो, त्यामुळे त्या फरकावर सारा उपदेश उभारणे मला पटत नाही. त्यापेक्षा ‘ह्यांच्यापेक्षा अधिक’ या शब्दांपाशी थांबावे. सगळे अडखळले तरी मी नाही, असे म्हणून पेत्राने स्वतःला इतरांच्या वर ठेवले होते. आता तो तुलना करतच नाही. आपणाला सर्व ठाऊक आहे, एवढेच म्हणतो. येशू अंगणातल्या रात्रीचा एका शब्दानेही उल्लेख करत नाही, तरी तीनदा विचारतो, आणि तिसऱ्या वेळी पेत्राला दुःख होते. ही क्षमा दुखवणारी आहे, हे सभेला सांगण्यास संकोच करू नये. आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवले जाते: माझी कोकरे चार, माझी मेंढरे पाळ. पहिल्या सभेत चाळणीजवळ ऐकलेले वाक्य इथे कुणीतरी स्वतःहून आठवते. आठवले नाही तर आपण आठवण करून द्यावी.

या सभेत जेवण हवेच. येशूने आधी ‘या, न्याहारी करा’ म्हटले, प्रश्न नंतर विचारले. उपवासकाळ संपलेला असतो, त्यामुळे निखाऱ्यांवर सुके बोंबील भाजावेत, सोबत ज्वारीची भाकरी आणि खर्डा ठेवावा, शाकाहारी असतील त्यांच्यासाठी वांगे भाजावे. वाढण्याचे काम घरच्या बायकांवर टाकू नये. ज्याने सभा घेतली त्याने वाढावे.

पाचवी सभा, क्षमा मिळाल्यानंतरही माणसे चुकतात, याविषयी. गलतीकरांस पत्र २:११-१४ वाचावे. अंत्युखियात पेत्र, म्हणजे केफा, परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे; यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे येताच तो भीतीने त्या पंगतीपासून दूर झाला, आणि त्याच्यामागे पौलाचा सहकारी बर्णबाही ओढला गेला. प्रेषित पौलाने पेत्राला सर्वांसमोर तोंडावर विरोध केला. पंगतीतून उठणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला शिकवावे लागत नाही. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या हॉटेलात राजर्षी शाहू महाराज मुद्दाम थांबून चहा घेत आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजत, ही आठवण कोल्हापुरात आजही सांगितली जाते. कोण कुणाच्या हातचे घेतो, यावर त्या काळी माणसाची किंमत ठरत होती, आणि अंत्युखियातही प्रश्न हाच होता. आपल्या मंडळीत आडनाव ऐकून कुणाशी वागण्यात फरक पडतो का, हे या सभेत विचारायला हवे. इथे मी कुणाला गप्प बसू देत नाही.

ज्या सभेत वेळ उरतो तिथे मी तिसऱ्या शतकाचा एक प्रसंग सांगतो. रोमन सम्राट डेसियसने देवांना बळी अर्पण करण्याची सक्ती केली, तेव्हा पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी दिले, काहींनी पैसे देऊन केवळ तसे प्रमाणपत्र मिळवले. छळ ओसरल्यावर ही माणसे परत दारात आली. रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या धर्मगुरूने त्यांना परत घेण्यास नकार दिला. कार्थेजचा बिशप सिप्रियान आणि २५१ सालची तिथली सभा यांनी प्रत्येकाची बाब स्वतंत्रपणे तपासून, पश्चात्तापाचा काळ ठरवून परत घेण्याचा मार्ग धरला. सिप्रियान स्वतः छळाच्या वेळी लपून राहिला होता, याबद्दल त्याला बोल लावला गेला होता. मंडळीने दार उघडे ठेवले, पण सर्वांना एकाच तागडीत तोलले नाही, ही बाब आजही उपयोगी आहे.

शेवटी पौल आणि बर्णबा यांचा प्रवासातला सोबती योहान मार्क. तो पंफुल्यातील पिर्गा येथून पौल आणि बर्णबा यांना सोडून यरुशलेमेस परत गेला. पुढच्या फेरीत त्याला बरोबर घ्यावे की नाही, यावरून त्या दोघांत इतका कडाक्याचा वाद झाला की ते वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्रास गेला. त्या वादात पौलाचे चुकले की बर्णबाचे, यावर सभेला मोकळेपणाने बोलू द्यावे. माझे मत बर्णबाच्या बाजूचे आहे, आणि ते मी लपवत नाही. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक पापियसने नोंदवलेल्या परंपरेनुसार मार्क पेत्राचा दुभाषी होता आणि त्याचे शुभवर्तमान पेत्राच्या आठवणींवर आधारलेले आहे. तो मार्क आणि हा मार्क एकच मानले, तर आपण दुसऱ्या सभेत शेगडीभोवती जे वाचले ते पेत्रानेच सांगितलेले आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरलेल्या माणसाने लिहिलेले आहे.

मग तीमथ्याला दुसरे पत्र ४:९-२१ वाचून सभा संपवावी. मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, असे पौलाच्या नावे असलेल्या त्या पत्रात लिहिले आहे. पिर्ग्याचा उल्लेख नाही. पुढच्याच ओळींत त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला झगा आणि पुस्तके आणायला सांगितली आहेत, हिवाळ्यापूर्वी ये म्हटले आहे.

हे वाचून झाल्यावर प्रत्येकाने सभेपासून दुरावलेल्या एका माणसाला त्याच आठवड्यात निरोप पाठवावा. सभेला का येत नाहीस, असे विचारू नये, आणि आम्ही सगळे विसरलो आहोत, असेही म्हणू नये. त्या तरुणाकडे मी आधी दोनदा जाऊन माफी मागितली होती, आणि दोन्ही वेळा तो नम्रपणे बोलून दार लावून घेत असे. तिसऱ्यांदा मी माफीचा विषय काढला नाही. पुढच्या शुक्रवारी शेगडी पेटवायची आहे, येताना दोन किलो कोळसा घेऊन येशील का, एवढेच विचारले.